म्यानाचं तोंड

सतराव्या प्रकरणात माझा हैबत
एकटा नऊ जणांना लोळवत होता.
साडेपाच पानं. ठिणग्या, गिरक्या,
मधूनच एखादं बाणेदार वाक्य.
गिरगावातल्या संपादक बाई म्हणाल्या, छान आहे,
पण वाचता वाचता मी उठून चहा टाकला.

म्हणून गोरेगावला, तबेल्यांच्या मागे,
चिंदरकरांच्या गोदामात.
सिनेमांना भाड्याने द्यायच्या तलवारी तिथे
पिंपात छत्र्यांसारख्या उभ्या असतात,
मुठीला चिकटपट्टी, चिकटपट्टीवर नंबर.
सिंहासनं एकावर एक रचलेली.
थर्माकोलचा एक हत्ती, सोंड नसलेला.

चिंदरकर बत्तीस वर्षं मरत होते.
मुघल म्हणून, पेंढारी म्हणून,
एकदा तर एकाच लढाईत दोन्ही बाजूंनी.
चष्मा कपाळावर सरकवून, ओठ हलवत,
त्यांनी साडेपाचही पानं वाचली
आणि विचारलं,
"तुझो हिरो दमता कधी गो?"

तो शूर आहे, मी म्हटलं.
"शूर आसात. पण हात मासाचोच मां?"

कपाटामागून त्यांनी एक काढली,
जुन्या धोतरात गुंडाळलेली. हिला नंबर नव्हता.
वजन किलोच्या जरा वर,
म्हणजे साखरेच्या पिशवीएवढं,
पण साखर अशी पुढे ओढत नाही.
हात सरळ धर म्हणाले, आणि स्टोव्हकडे गेले.
मी मोजत राहिले.
एकोणचाळीसला टोक थरथरलं,
बावन्नला जमिनीकडे झुकलं,
सत्तरला मला हैबतचा राग आला.
चिंदरकरांनी अजून आलंसुद्धा किसलं नव्हतं.

मग चहा, आणि त्यांचे प्रश्न.
ऊन कुणाच्या तोंडावर?
जमीन कसली, गवत की चिखल?
मूठ घामाने निसटत नाही?
आणि लढताना हा बोलतो कधी,
श्वास कुठून आणतो?
मला एकाचंही उत्तर येईना.
तीन वर्षं मी त्या माणसासोबत राहत होते.

उसमान काझी त्यांचा जोडीदार.
बावीस वर्षं दोघांनी एकमेकांना मारलं.
वार करायच्या आधी हे त्याच्या डोळ्यांत बघायचे,
तो पापणी मिटायचा. म्हणजे, ये.
"पापणी नाय, तर वार नाय."
शूटिंगमधली लढाई अशी असते,
दोघांनी मिळून घेतलेली काळजी.
खऱ्या लढाईत
ये म्हणणारं कुणी नसतं.

एकदा धूळ उडाली,
उसमानच्या डोळ्यात गेली.
त्याने पापणी मिटली.

चिंदरकर उठले, कप विसळला.
तो आधीच विसळलेला होता.
मी पुढचं विचारलं नाही.
बाहेर म्हशी धुण्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी उजवा हात खांद्याच्या वर जाईना.
केसांना क्लिप आईने लावली,
कादंबरीसाठी कुणी एवढं करतं का, म्हणत.
डाव्या हाताने, पोरकट अक्षरात,
मी नऊ जणांतले आठ घरी पाठवले.
साडेपाच पानांच्या चौदा ओळी झाल्या.
कुणी काही बोलत नाही.
समोरच्याचा पाय शेणावर घसरतो,
आणि हैबत जिंकतो, म्हणजे उरतो.

बाई फोनवर म्हणाल्या, फार लवकर संपतं हो.
हो, मी म्हटलं.

पंधरावी ओळ अजून जमत नाहीये.
तिच्यात हैबत तलवार म्यान करायला जातो
आणि टोकाला म्यानाचं तोंड सापडत नाही.
पितळेच्या कडेवर खट्.
पुन्हा खट्.
मग तो खाली बसतो,
म्यान दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरतो,
सुईत दोरा ओवणाऱ्या म्हाताऱ्यासारखा
डोळे बारीक करतो,
खट्.